अजून थोडे राहिलेत, मिस्टर लेंट्झ

तुमच्यावरचा चांगला लेख मी आधीच लिहून दिला आहे. तो या बुधवारच्या पेपरात फोटोसकट आला. एक सुटकेस घेऊन जर्मनीहून आलेला तरुण, गावातलं हार्डवेअरचं दुकान, चर्चची समिती, टेक्सासच्या विधानसभेत पाच वेळा निवडून गेलेला सज्जन. मार्थाचा फोन आला होता, "शीला, डॅडचं सगळं तूच लिहायचीस. हेही तूच लिही ना." लिहिलं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात आमच्याकडे, मी दोन मण काढून दिलं. वाचून मार्था रडली म्हणे. तुम्ही असतात तर एक स्वल्पविराम खोडला असता आणि म्हणाला असतात, "गुड. सेंड."

हा दुसरा लेख मी मराठीत लिहिते आहे. या गावापासून दोनशे मैलांत मराठी वाचणारा एकच माणूस आहे, आणि तो दोन-दोन आठवडे तिकडे उत्तरेत असतो. त्याला मी हे दाखवणार नाही.

तुम्हाला 'तुम्ही'च म्हणेन. गेलेल्या माणसाला जवळ घेऊन 'तू' म्हणायची पद्धत आहे आमच्यात, पण आपण अकरा वर्षं काउंटरच्या दोन बाजूंना उभे होतो आणि काउंटर मध्ये राहिलेलाच बरा.

तो मफिनचा पत्रा माझ्या समोर टेबलावर आहे. बारा खळग्यांचा, काळा पडलेला, एका कोपऱ्यात वाकलेला. तुमच्या बायकोचा होता. ती गेल्यावर तुम्ही तो स्वयंपाकघरातून उचलून दुकानात आणलात आणि त्यात आयुष्यात पुन्हा मफिन झाले नाहीत. शेजारी कॉफीचा जुना डबा, त्यात सगळी सरमिसळ: स्क्रू, नट, वॉशर, पितळी, लोखंडी, आखूड, लांब. गिऱ्हाइकांनी परत आणलेले, जमिनीवरून झाडून गोळा केलेले. ज्याला तुमच्याकडे काही मागायचं असेल त्याच्यापुढे तुम्ही आधी डबा उपडा करायचात. शाळेचा प्रिन्सिपल आला, कर त्याच्यापुढे. पाद्री आला, त्याच्यापुढेही. रस्त्याच्या तक्रारी घेऊन आलेले टोपीवाले शेतकरी, नातवाला नोकरी मागणाऱ्या आज्या, सगळे स्टुलावर बसून स्क्रू निवडून पत्र्याच्या खळग्यांत टाकायचे आणि निवडता निवडता बोलायचे. निवडून झाल्याशिवाय तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, "मिसेस एम., रिकाम्या हातांचा माणूस खोटं बोलतो. हातात काम दे, मग ऐक."

मेश्राम म्हणायला तुमची जीभ वळत नव्हती, म्हणून मिसेस एम. तुमचं इंग्रजीही तसं यथातथाच होतं. बोलण्यात चालून जायचं, उलट लोकांना गोड वाटायचं, पण कागदावर तुम्ही 'डिअर'सुद्धा चुकवायचात. मी नागपूरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. गावातल्या दोन ऑफिसांनी आणि एका बँकेने मला नम्रपणे हाकललं होतं. तुम्ही माझ्याकडून एक पत्र लिहून घेतलंत, उजेडाकडे धरून पाहिलंत आणि म्हणालात, उद्यापासून ये. दुसऱ्याच महिन्यात एक जण काउंटरवर माझ्याकडे बघून म्हणाला, मला दुसरं कुणीतरी पाहिजे. तुम्ही आतून ओरडलात, "मग तुला खिळे नको आहेत." तो खिळ्यांशिवाय गेला. एवढं मी विसरलेली नाही. विसरता आलं असतं तर हा लेख पुष्कळ सोपा झाला असता.

मनोहरला तुम्ही मागच्या गोडाऊनमध्ये ठेवलंत, पशुखाद्याची पोती उचलायला. माझा नवरा नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजचा पदवीधर, गुरांचा डॉक्टर. इथे त्या डिग्रीला कुणी विचारत नव्हतं. टेक्सासमध्ये जनावराला सुई टोचायची तर टेक्सासचं लायसन्स हवं, आणि परदेशी डिग्रीवाल्याला त्या परीक्षेला बसायचं तर जवळजवळ सगळं शिक्षण पुन्हा. तुम्ही त्याला 'डॉक' म्हणायचात. थट्टेनेच, पण म्हणायचात. पोतं गाडीत टाकताना शेतकरी त्याला हळूच विचारायचे, वासरू खात नाही, काय करू? मनोहर म्हणायचा, "आय ॲम नॉट अलाउड टू से, सर." आणि मग जनावराकडे बघत म्हणायचा, "पण माझं असतं तर मी असं असं केलं असतं." अर्ध्या तालुक्याची गुरं त्याच्या 'माझं असतं तर'वर जगली.

एकदा दुपारी दुकान सामसूम होतं. तुम्ही डबा पुढे सरकवलात आणि म्हणालात, "तुझा नवरा इतका हट्टी का आहे? ट्रक चालवायला लाव, दुप्पट मिळवेल." मी निवडत निवडत सांगितलं. मनोहरचे आजोबा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातले. गावात ढोर मेलं की ते ओढून गावाबाहेर न्यायचं काम त्यांच्याकडे. काम म्हणजे हक्क नव्हे, सक्ती. त्यांना गावच्या विहिरीवर जायची बंदी. मुलगा पळून नागपूरला गिरणीत लागला, आणि नातू गुरांचा डॉक्टर झाला. मनोहरची डिग्री आली त्या दिवशी आजोबांनी त्याचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "आता जित्या ढोराले हात लावजो, पोरा." म्हणून तो हट्टी आहे, मी म्हटलं.

तुम्ही डब्यातला एक वॉशर उचलून खळग्यात टाकलात. मग म्हणालात, "आमच्याकडेही ढोरं सोलणारा गावाबाहेर राहायचा. आई सांगायची, त्याच्या मुलाबरोबर खेळायचं नाही."

"मग खेळलात का?"

"नाही," तुम्ही म्हणालात.

त्या 'नाही'साठी मला तुम्ही आवडलात. इथे मला भेटलेल्या किती माणसांनी असं सरळ सांगितलं असतं? ह्यूस्टनच्या एका मराठी घरी जेवायला गेलो होतो, तिथल्या काकूंनी आडनाव ऐकलं आणि मला नुसतं विचारलं, "अच्छा, म्हणजे नागपूरकडचे तुम्ही?" त्या 'अच्छा'त काय होतं ते मला कळलं आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. पोटात एक आणि ओठात एक. तुमचं तसं नव्हतं, असं तेव्हा वाटायचं.

आणखी एक दुपार सांगून टाकते, म्हणजे हिशेब कुणाच्या बाजूला झुकवला असं व्हायला नको. माझे बाबा गेल्याची तार आली. तार पोचेपर्यंत तिकडे सगळं उरकलंही होतं. मी काउंटरवर तार धरून उभी होते. तुम्ही दाराची पाटी फिरवलीत, दुकान बंद, आणि माझ्यापुढे डबा उपडा केलात. मला राग आला, वाटलं, या माणसाला काळीज आहे की नाही! पण तुम्ही समोरच्या स्टुलावर बसलात आणि स्वतःही निवडायला लागलात. आपण संध्याकाळपर्यंत निवडत होतो. माझं नाक गळत होतं, तुम्ही एकदाच रुमाल दिलात. त्या दिवशी तुम्ही माझ्या घरचे होतात.

म्हणूनच पुढची चूक माझ्या हातून झाली. ती तुमची चूक नव्हती, पूर्ण माझी होती.

त्र्याऐंशीचा मार्च. तुमचं अधिवेशन सुरू होतं. सोमवारी ऑस्टिनला जायचात, शुक्रवारी परत. त्या वर्षी एक बिल आलं होतं: परदेशी डिग्रीच्या गुरांच्या डॉक्टरांनी इथल्या डॉक्टरच्या हाताखाली एक वर्ष काम करावं आणि मग परीक्षेला बसावं. बस, एवढंच. ते ज्या समितीपुढे होतं तिचे तुम्ही सभासद. आमच्या घरात महिनाभर दुसरा विषय नव्हता. मनोहर गोडाऊनमधून येऊन जुनी पुस्तकं काढून बसायचा. आमची प्रज्ञा तेव्हा पाच वर्षांची, ती सगळ्यांना सांगत सुटली होती, "माय डॅड इज गोइंग टू बी अ काऊ डॉक्टर."

त्या रविवारी तुमची गाय अडली. गावातले गुरांचे दोन्ही डॉक्टर कुठल्याशा लग्नाला सॅन अँटोनियोला गेलेले. तुमचा फोन आला, मीच घेतला. मनोहर म्हणाला, "नाही जाणार मी. लायसन्स नाही. उद्या काही झालं तर?" मी म्हटलं, "अहो, जा. त्यांची गाय आहे. म्हातारा लक्षात ठेवील." तो तरी उठेना. मी त्याचे बूट आणून पुढे ठेवले. आमच्याकडे माणूस अडल्या वेळेचा उपकार जन्मभर वागवतो, निदान उघडपणे तरी विसरत नाही. मला वाटलं, तुमच्याकडेही तसंच असणार. कुठल्या शहाण्या बाईला असं वाटलं नसतं?

मीही आले होते. वासराचं डोकं मागे वळलेलं होतं. मनोहर चिखलात आडवा पडला, खांद्यापर्यंत हात आत, गाल गाईच्या मांडीला टेकलेला, डोळे मिटलेले. गाईशी तो मराठीत बोलत होता, "थांब माय, थांब, झालं, झालं." तुम्ही शेपूट धरून उभे होतात. वासरू बाहेर पडलं तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलं आहे. तुम्ही मनोहरचा तो घाणीने भरलेला हात दोन्ही हातांत धरून म्हणालात, "डॉक. यू आर अ डॉक्टर."

घरी येताना गाडीत तो शिट्टी वाजवत होता. नागपूर सोडल्यापासून मी ती शिट्टी ऐकली नव्हती.

मे महिन्यात तुम्ही समितीच्या बैठकीची कॅसेट आणलीत. मतदारांना पाठवायच्या पत्रकासाठी त्यातलं मी उतरवून घ्यायचे, नेहमीचं काम. दुकानात हेडफोन लावून बसले. बिलाचं बोलणं सुरू झालं तशी मी पेन्सिलीला टोक केलं. मग तुमचा आवाज. "माझ्या माहितीत असे परदेशी डॉक्टर आहेत, जे आत्ताच, लायसन्सशिवाय, जनावरांवर उपचार करतात. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहे. कायदा मोडणाऱ्यांना आपण बक्षीस द्यायचं का?" त्यानंतर मतं. चार बाजूने, पाच विरुद्ध. पाचवे तुम्ही.

गरज सरो, वैद्य मरो. लहानपणापासून ऐकलेली म्हण, आणि ती इतकी शब्दशः घडलेली बघायला मला टेक्सासला यावं लागलं.

म्हातारा लक्षात ठेवील, मी म्हटलं होतं. ठेवलंत की हो तुम्ही लक्षात!

मी हेडफोन काढून तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही माझं तोंड बघितलंत आणि काय केलंत? डबा सरकवलात. आणि मीही बसले. आजही स्वतःची लाज वाटते ती याची, की मी बसले आणि निवडत निवडत भांडले. मी म्हटलं, ती गाय तुमची होती. तुम्ही म्हणालात, "म्हणूनच मला माहीत होतं." मी म्हटलं, तुम्ही बोलावलंत त्याला. तुम्ही म्हणालात, "मी त्याचं नाव घेतलं नाही." जणू माझ्यावर मेहेरबानी केलीत! मग म्हणालात, "मी हो म्हटलं असतं तर लोक काय म्हणाले असते? लेंट्झ आपल्या क्लार्कच्या नवऱ्यासाठी कायदे करतो. आणि मी जे सांगितलं ते खरं होतं. खोटं सांगायला हवं होतं का?"

मला उत्तर सुचलं नाही. पाच वर्षं झाली. आता सुचतं आहे, तर तुम्ही नाही. खरं होतं, मिस्टर लेंट्झ, पण अर्धं होतं. गाय तुमची होती हे तुम्ही समितीला सांगितलं नाहीत. शेपूट कुणी धरली होती ते सांगितलं नाहीत. आणि गावातले ते दोन डॉक्टर तुमच्या दर निवडणुकीत तुमच्यासाठी मतं मागत घरोघर फिरायचे, तेही सांगितलं नाहीत. दर निवडणुकीत तुम्ही एक गोष्ट सांगायचात: तुम्ही एकोणीस वर्षांचे असताना, तुम्हाला कधी न पाहिलेल्या इथल्या एका शेतकऱ्याने तुमच्यासाठी कागदावर सही केली म्हणून तुम्हाला या देशात येता आलं. "वन मॅन. वन सिग्नेचर." ते भाषण मी टाइप करायचे. त्या वाक्यानंतर टाळ्यांसाठी जागा सोडायचे. लोक टाळ्या वाजवायचेच. कुणीतरी दार उघडलं, तुम्ही आत आलात आणि कडी लावून घेतलीत.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी कदाचित गिळलं असतं. पण पत्रं आली होती. राज्यभरातून तुमच्याकडे बिलाच्या बाजूने पत्रं आली होती, आणि त्यांना उत्तरं जायला हवी होती. नकाराचं पत्र कसं लिहायचं ते मीच तुम्हाला शिकवलेलं. तीन वाक्यं. आपल्या पत्राबद्दल आभार. आपल्या भावनांचा मी आदर करतो. तथापि. 'हाउएव्हर'नंतर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही, असं मी म्हटलं होतं आणि तुम्ही खूप हसला होतात.

गठ्ठ्यात मनोहरचं पत्र निघालं. मला न सांगता लिहिलेलं, आमच्याच घरच्या टाइपरायटरवर, ज्याचा 'ई' अर्धाच उमटतो. सन्माननीय प्रतिनिधी, मी आपला मतदार आहे. खरंच होता. आदल्या वर्षी आम्ही नागरिक झालो आणि त्याने आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत तुम्हाला दिलं. पत्रात गाईचा उल्लेखसुद्धा नव्हता.

मी ते तुमच्यापुढे ठेवलं. म्हटलं, याला तुम्ही लिहा, नाहीतर जाऊन बोला, तो मागे गोडाऊनमध्येच आहे, वीस पावलांवर. तुम्ही चष्मा लावून वाचलंत, दोनदा. मग म्हणालात, "सगळ्यांना एकच पत्र. कुणाला वेगळं नाही." मी म्हटलं, मी हे टाइप करणार नाही. तुम्ही म्हणालात, "मिसेस एम., हे तुझं काम आहे."

मी टाइप केलं. डिअर डॉक्टर मेश्राम. तुम्ही सही केलीत. मी म्हटलं, घरी घेऊन जाते. तर तुम्ही म्हणालात, नाही, पोस्टाने जाईल, सगळ्यांचं पोस्टाने जातं. तिकीट मीच चिकटवलं.

दोन दिवसांनी ते आमच्या टपालपेटीत आलं. मनोहरने स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. माझी वाक्यं त्याला ओळखू येणार नाहीत असं थोडंच होतं? त्याने कागदाची नीट घडी केली, पाकिटात घातली आणि म्हणाला, "स्पेलिंगची एक पण मिस्टेक नाही." बस. त्यावर तो पुन्हा कधी काही बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. शिट्टीही पुन्हा ऐकली नाही.

त्या उन्हाळ्यात त्याने उत्तरेला कत्तलखान्यात नोकरी धरली. सात तासांचा ड्राइव्ह. हुकाला लटकून येणारी ढोरं तपासायची, शिक्का मारायचा, पुढे. दर दुसऱ्या शुक्रवारी तो घरी येतो आणि आधी पाऊण तास आंघोळ करतो. आजोबा आता नाहीत हे एक बरं आहे. नाहीतर त्यांना काय कळवलं असतं? नातू अमेरिकेला गेला आणि पुन्हा मेलेल्या ढोरांपाशी पोचला, पगार मात्र चांगला आहे.

आणि मी तुमच्याकडेच राहिले. लोक विचारतात का म्हणून. प्रज्ञाची शाळा होती, घराचे हप्ते होते, ही सगळी सांगायची कारणं. खरं कारण हे की तुमच्यावाचून मी गावात कुणी नव्हते. तुमच्या सहीवर माझी वाक्यं राज्यभर फिरायची. नवऱ्याचं कातडं सोलणाऱ्याच्या दुकानात मी पाच वर्षं पत्रं लिहिली आणि ती चांगली लिहिली.

मग या उन्हाळ्यात तुम्हाला कॅन्सर निघाला. तुम्ही पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलंत, तेही मीच लिहिलं. दुकान बंद झालं. गेल्या महिन्यात कळलं की जानेवारीत ते बिल पुन्हा येणार आहे, तेच, शब्द इकडचे तिकडे करून. समितीचा नवा अध्यक्ष तुम्ही बोटाला धरून शिकवलेला. तुमचा शब्द तो खाली पडू देणार नाही हे मला ठाऊक होतं, तुम्हालाही होतं. मनोहरने फोनवर नुसतं एवढंच विचारलं होतं, "म्हातारा कसा आहे आता?"

गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी मार्थाचा फोन आला. "डॅड तुला बोलावताहेत. ऑस्टिनला एक पत्र लिहायचंय म्हणे. तुलाच सांगणार म्हणतात."

मी दुकानातूनच आत आले, दुकानामागच्या तुमच्या घरातल्या खोलीकडे. काउंटरवर पत्रा आणि डबा होते तसेच धूळ खात पडलेले. मी दोन पावलं पुढे गेले होते. मग मागे फिरले आणि दोन्ही उचलले.

तुम्ही उशांना टेकून बसला होतात. अंगाचं नुसतं चिपाड झालेलं. मला बघून हात वर केलात. "मिसेस एम. कागद आणलास?" मी तुमच्या मांडीवर पांघरुणावर पत्रा ठेवला आणि डबा उपडा केला. म्हटलं, "तुम्हाला काही मागायचं आहे ना? आधी हे."

तुम्ही रागावाल असं मला वाटलं होतं. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हसलात, ओठाच्या एका कोपऱ्यातून, आणि म्हणालात, "रूल इज रूल." आणि निवडायला लागलात.

मी खिडकीपाशी बसून राहिले. वॉशर तुमच्या चिमटीत येत नव्हते. एक स्क्रू पांघरुणाच्या घडीत गेला, तो तुम्ही किती वेळ शोधत होतात. मी उठून दिला नाही. मला बरं वाटत होतं, मिस्टर लेंट्झ. खोटं कशाला सांगू? तुम्हाला असं बसलेलं बघून माझ्या पोटात पाच वर्षांनी थंडावा पडला होता. मार्था दारात येऊन बघून गेली, तिला वाटलं, जुनी सवय म्हणून म्हातारा खेळतोय.

पाऊण तास गेला असेल. तुम्ही मान वर केलीत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "मिसेस एम., लिही. डॉक..."

मी म्हटलं, "अजून थोडे राहिलेत."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग खाली पत्र्याकडे. मग एक नट उचललात आणि बरोबर खळग्यात टाकलात. दुसरा उचललात. तिसरा हातात असतानाच तुमचे डोळे मिटले. मी थोडा वेळ थांबले, मग मार्थाला सांगितलं, त्यांना झोप लागली, उद्या येते. बुधवारी तुम्ही कुणाला ओळखत नव्हतात. गुरुवारी गेलात.

काल तुम्हाला पोचवून आलो. जनावरांचे ते दोन्ही डॉक्टर काळ्या सुटात खांदा द्यायला होते. नवा अध्यक्ष ऑस्टिनहून आला होता, तुम्हाला अर्नी म्हणणारा. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "अर्नीची काही शेवटची इच्छा होती का? तुम्हाला माहीत असेल." मी म्हटलं, नाही. माझ्याकडे कागद नव्हता, सही नव्हती. तुमचं एक अर्धं वाक्य होतं, आणि ते मीच तोडलेलं. मार्थाने हा पत्रा माझ्या हातात दिला, म्हणाली, "तुझ्यापेक्षा जास्त कुणाला याची किंमत?"

घरी आणून पाहिलं. मला वाटलं होतं, मरणाच्या दारातल्या माणसाने सगळी खिचडी केली असेल. एकही चुकलेला नव्हता. पितळी पितळीत, लोखंडी लोखंडीत, लांबीप्रमाणे, आट्यांप्रमाणे. डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं तुमचं. जे सांगायचं होतं ते तुम्ही शुद्धीवर सांगणार होतात. मध्ये मूठभर उरले होते. पाच मिनिटांचं काम. ते मी तुम्हाला माफ केले असते तर काय बिघडलं असतं माझं?

तुम्ही एकदा मनोहरच्या विरुद्ध मत दिलंत. दुसरं मत माझं पडलं.

आज शुक्रवार. तो दुपारीच आला, अंत्ययात्रेला पोचता आलं नाही म्हणून हळहळला. आंघोळ करून स्वयंपाकघरात आला, पत्रा बघितला, काही न विचारता खुर्ची ओढली आणि उरलेले निवडायला लागला. त्याची बोटं झरझर चालतात, डॉक्टरची आहेत.

"गेला म्हातारा," तो म्हणाला. "चांगला माणूस होता बरं, तसा. तू त्या मंगळवारी गेली होतीस ना? काही म्हणे का? माझ्याबद्दल, असंच आपलं... काही बोलला?"

"नाही," मी म्हटलं. "मी गेले तेव्हा झोपलेच होते."

त्याने मान हलवली आणि शेवटचा वॉशर खळग्यात टाकला. मी त्याच्यासमोर बसले होते, मिस्टर लेंट्झ. माझे दोन्ही हात टेबलावर होते, आणि रिकामे होते.